दुसरी शेगडी

येळवशीला शेत लागतं असं समजणाऱ्यांनी एकदा हैदराबादेत, चिक्कडपल्लीत एकनाथरावांच्या गच्चीवर यावं. मार्गशीर्षातली अमावस्या आली, की उदगीरकडची माणसं आंबील आणि भज्जी घेऊन रानात जातात. एकनाथरावांचं कुटुंब जिन्यानं वर जातं. तिथं काही कुंड्या, एक कढीपत्ता आणि टाकीच्या आडोशाला वाढलेला शेवगा एवढंच काय ते रान. पण टाकीला टेकवून कडब्याची कोप उभी राहते, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव होऊन बसतात, आणि तीन विटांच्या चुलीवर भज्जीची हंडी चढते. शेजारचे तेलुगू लोक आपापल्या गच्चीवरून हा सोहळा इतकी वर्षं बघत आलेत. आता तेही त्या दिवशी दुपारचं जेवण जरा उशिरा करतात, कारण वाडगं येणार हे त्यांना ठाऊक असतं.

या वर्षी मात्र एकनाथरावांच्या बायकोचं, गंगूबाईंचं लक्ष पांडवांत नव्हतं. सकाळी विटा आणायला त्या जिन्याखाली वाकल्या, तर विटांच्या मागे एक कोरं करकरीत खोकं. वर चित्र होतं, दोन बर्नरच्या गॅसच्या शेगडीचं. गंगूबाई तिथंच बसल्या आणि त्यांनी धाकट्या लेकाला हाक मारली.

"विक्रम, हे काय रे?"

"शेगडी आहे, आई."

"ते दिसायलंय मला. कुणाची?"

विक्रम हायटेक सिटीतल्या कंपनीत पन्नास माणसांवर हुकूम चालवतो, पण आईसमोर त्याचे हात अजूनही पाठीमागे जातात. "वरच्या मजल्यावर लावावी म्हणतो. आज नाही. आजचं सगळं नीट होऊ दे. मग अप्पाला मीच सांगतो."

"काय सांगतोस?"

"आता बघ ना आई. मी, शिल्पा नि आपली श्रुती, तिघं वर करून खाऊ, तुम्ही खाली जेवा. घर एकच की! परेशान कशाला व्हायलीस?"

गंगूबाई परेशान झाल्या नाहीत. त्या घाबरल्या.

कारण दुसऱ्या चुलीचं काय होतं, हे त्यांनी एकदा बघितलं होतं. गावाकडे एकनाथरावांच्या थोरल्या भावानं त्याच घरात वेगळी चूल मांडली, तेव्हा पहिल्या आठवड्यात दोन्हीकडून भाजीची वाडगी जात होती. पुढं वाडगी परत येईनाशी झाली. मग बांधावरून भांडण लागलं, आणि एकनाथराव एक ट्रंक नि बायको घेऊन सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटले, ते परत गेलेच नाहीत. म्हणून चिक्कडपल्लीत घर बांधताना त्यांनी मजले तीन काढले, पण स्वयंपाकघर एकच, तेही तळाला. बांधणारा मेस्त्री म्हणाला, साहेब, वर एक ओटा तरी काढू द्या. एकनाथराव म्हणाले, ओटा काढलास तर तुला पाडावा लागेल. एक हंडी, एक पंगत. रेल्वेच्या वेळापत्रकात चूक होईल, पण या घराच्या या नियमात कधी झाली नाही.

आणि मग या वर्षी गणपतीच्या दिवसांत त्यांच्या छातीत कळ आली, आणि बायपास झाली.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी गंगूबाईंना समोर बसवून तेलुगूत सगळं समजावलं होतं. "जोन्न रोट्टे" हे शब्द गंगूबाईंना आधी औषधाचं नाव वाटलं. ती आपली ज्वारीची भाकरी निघाली, तेव्हा त्यांनी त्या बाईंचा हातच धरला. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, जवस, फळं हे पोटभर. तेल मोजून. मीठ अगदी बेतानं. लोणचं, पापड, फरसाण, तळण यांना हात जोडायचे. गंगूबाई घरी येताना रिक्षात मनाशी म्हणाल्या, यात नवीन ते काय, निम्मं तर आपण जन्मभर करतच आलो. फक्त तेल आणि मीठ घालताना हात कधी मोजत नव्हता, आणि तेवढंच त्यांच्या मनाला लागून राहिलं. भाजी त्यांच्या हातची, मीठही त्यांच्याच मुठीतलं.

मोजायचं काम थोरल्या सुनेनं घेतलं. त्रिवेणी शाळेत गणित शिकवते. तिनं मिठाची बरणी वरच्या फळीवर नेली आणि टेबलावरची मिठाची बाटलीही उचलली. एक हंडी म्हटल्यावर अप्पांचं तेच सगळ्यांचं. पहिला आठवडा सगळ्यांनी मोठ्या प्रेमानं आळणी वरण खाल्लं. दुसऱ्या आठवड्यापासून घरातल्यांची भूक गेली.

म्हणजे घरातल्या घरात गेली. थोरला हर्षवर्धन बँकेतून येताना मिरची भज्यांचा वास घेऊन येऊ लागला. धाकट्या सुनेला, शिल्पाला, रोज ऐन जेवणाच्या वेळीच कंपनीची मीटिंग निघू लागली. तिच्या लेकीच्या, श्रुतीच्या दप्तरात चिप्सच्या पुड्या सापडल्या. विक्रम दारातूनच "हौ आई, खाऊन आलो" म्हणून जिना चढायचा. आणि खाली एकनाथराव चार पाट रिकामे बघत जेवायचे. दोन घास झाले, की ताटावर हात आडवा धरून "बस" म्हणायचे. सदरे ढगळ झाले. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हृदय छान चाललंय, पण माणूस का खात नाही?

त्याचं उत्तर गंगूबाईंना माहीत होतं, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. या माणसाला आळणी जेवण डाचत नव्हतं, एकट्यानं जेवणं डाचत होतं. आणि आता त्यांच्या दुखण्यापायी जिन्याखाली शेगडी येऊन बसली होती.

"आजच्या दिवस तोंड उघडू नको," त्या विक्रमला म्हणाल्या आणि विटा घेऊन वर आल्या.

वर सगळं मोठ्या जोरात चाललं होतं. भिजवून उकडलेली तूर, हरभरे, वाटाणे, पावटे एका पातेल्यात. मेथी, चुका, पालक, कांद्याची पात चिरून परातीत. लसूण आणि हिरव्या मिरच्या ठेचलेल्या. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील मातीच्या भांड्यात, तीही त्रिवेणीच्या हुकुमानं बिनमिठाची. गंगूबाईंनी हंडीत बोटभर तेल ओतलं असतं, त्रिवेणीनं चमच्यानं ओतलं. डाळी पडल्या, पाला पडला, आंबिलीत कालवलेलं बेसन पडलं. हंडी रटरटू लागली तशी त्रिवेणीनं मिठाचा एक चमचा भरला, चाकूनं सपाट केला आणि आत टाकला.

"एवढ्या हंडीला एवढंच?" शिल्पानं विचारलं.

"एवढंच. आणि येळवशीची भज्जी नैवेद्याआधी कुणी चाखायची नाही, काय आई?"

"नाही चाखायची," गंगूबाई म्हणाल्या. तो नियम त्यांनीच दोघींना शिकवला होता.

त्रिवेणी साडी बदलायला नि शिल्पा ताटं आणायला खाली गेल्या. विक्रम विद्यानगरहून नामदेवरावांना आणायला गेला. नामदेवराव म्हणजे पार्सल ऑफिसातले एकनाथरावांचे जोडीदार, येळवशीचे कायमचे पाहुणे, आणि जेवणात तिघांना भारी. हंडीजवळ गंगूबाई एकट्या उरल्या.

त्यांच्या मनात आलं, आज भज्जी जर जुन्या चवीची झाली, पोरं जर बोटं चाटत जेवली, तर विक्रमला ते खोकं उघडायची बुद्धीच होणार नाही. अप्पांना वाढताना नुसता वरचा पाला वाढू, दोन घास तर खातात. अशा वेळी माणूस स्वतःशी काहीही हिशोब करतो. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, बरणीत हात घातला आणि एक मूठ हंडीत सोडली. ढवळलं. आणि जणू काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं पांडवांना हळदकुंकू लावायला गेल्या.

तिथून त्यांना दिसलं, की शिल्पा हंडी ढवळतेय. पोरगी शिकायलीय, त्यांना बरं वाटलं. थोड्या वेळानं हर्षवर्धनही विस्तव बघायला म्हणून वाकला. लेकालाही आज हौस आली, त्यांना आणखी बरं वाटलं.

नामदेवराव आले. एकनाथरावांनी घोंगडं डोक्यावर घेऊन, आंबील शिंपडत कुंड्यांना फेरी घातली. येळवशीची ठरलेली आरोळी त्यांनी ठोकली, पण ती जेमतेम शेवग्यापर्यंत पोचली. मागच्या वर्षीची आरोळी ऐकून खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला होता. पांडवांना नैवेद्य दाखवला. पांडवांनी काही तक्रार केली नाही.

पंगत बसली. बऱ्याच दिवसांनी सगळे पाट भरले होते. भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, आंबील. पाहुण्यानं पहिला घास घ्यायचा, म्हणून सगळे थांबले.

नामदेवरावांनी भला मोठा घास घेतला. मग ते थांबले. त्यांच्या कपाळावरची शीर हलली. घास गिळला, आंबिलीचा पेला उचलला, रिकामा केला, दुसरा भरून घेतला आणि तोही रिकामा केला.

"झकास," ते म्हणाले. आवाज बसला होता.

तोवर श्रुतीनं घास तोंडात टाकला होता. "आजी! ये तो समुंदर है!"

त्रिवेणीनं बोटाच्या टोकाला भज्जी लावून जिभेवर टेकवली आणि झेप घालून सासऱ्यांच्या पुढचं ताट ओढून घेतलं. बरं झालं, एकनाथरावांचा घास अजून हातातच होता.

"मी एक चमचा घातला होता," ती हळू आवाजात म्हणाली. शाळेत ज्या आवाजानं मुलांच्या हातातून पेन्सिल गळून पडते, तोच हा आवाज. "सपाट. कुणी घातलं मीठ?"

सगळ्यांचे घास ताटांत परत गेले.

"मी," गंगूबाई म्हणाल्या. "एक मूठ."

"आई, तुम्हीपण?" शिल्पाच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"तुम्हीपण म्हणजे?"

"मला वाटलं, ताईंनी एकच चमचा घातलाय, नामदेवकाका यायलेत, कसं दिसंल... मी दोन मुठी घातल्या."

"मी घातलं नाही बरं का," विक्रम छाती पुढं काढून म्हणाला.

"निघताना तूच मला घालायला लावलास!" शिल्पा उसळली.

आता फक्त एकच माणूस आभाळाकडे बघत होता. त्रिवेणीनं नवऱ्याकडे मान वळवली. "अहो?"

"चिमूटभरच," हर्षवर्धन आभाळालाच म्हणाला.

"तुमची चिमूट मला माहितीय. त्या चिमटीत मिरचीभजी चार मावतात."

आणि एकनाथराव हसले. आधी नुसते खांदे हलले. मग त्यांनी बाजूला ठेवलेली दवाखान्याची लाल उशी झपकन छातीशी धरली. खोकला, शिंक, हसू काही आलं, की ती उशी दाबून धरायची सवय त्यांना लागली होती. उशी धरून ते हसत राहिले. नामदेवराव हसू लागले, श्रुती हसून आडवी झाली, शेवटी त्रिवेणीलाही राहवलं नाही. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी तेलुगूत विचारलं, काय झालं, आम्हालाही सांगा.

हसू ओसरलं. एकनाथरावांनी डोळे पुसले, उशी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "विक्रम, जा, ते खोकं घेऊन ये."

विक्रमचा चेहरा पडला. "कुठलं खोकं, अप्पा?"

"जिन्याखालचं. रोज फिरून आल्यावर काठी कुठं ठेवतो मी? तिथंच." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, हेच गंगूबाईंना सहन होईना. "तू बरोबर केलास. एका माणसाच्या पथ्यापायी पंगत कशाला उपाशी राहावी? उद्यापासून ती शेगडी खाली लावा. माझं त्याच्यावर शिजवा, वेगळं. तुम्ही सगळे आपल्या चुलीवर, आपल्या चवीनं जेवा. नियम मीच केला होता, मीच मोडायलो."

हर्षवर्धननं मान खाली घातली. त्रिवेणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं आपल्या चमच्यानंच हे केलं. विक्रम जिन्याच्या दाराशी जाऊन घुटमळला.

गंगूबाईंना संताप आला. इतक्या वर्षांत नवऱ्याचा एवढा संताप त्यांना कधी आला नव्हता, आणि एवढी मायाही कधी दाटली नव्हती. हा माणूस आजाऱ्याची चूल मांडून कोपऱ्यात एकटा जेवणार, आणि आपण बघत बसायचं!

"आण रे ती शेगडी," त्या विक्रमला म्हणाल्या. "हर्षा, खालून जास्तीचा सिलिंडर आण. वरच आण, गच्चीवर. पोटात कावळे ओरडायलेत पाहुण्यांच्या, बोलत काय बसलात?"

"आई, पण..."

"चूल विझत आलीय. भज्जी दुसरी करायचीय मला. डाळी निम्म्या उरल्यात पातेल्यात, मी कधी मापानं भिजवल्यात का?"

हर्षवर्धननं सिलिंडर तीन मजले चढवून आणला, आणि वर आल्यावर कठड्याला धरून धापा टाकत उभा राहिला. "उद्यापासून तुम्हीपण अप्पांच्याच वाटेनं," त्रिवेणी म्हणाली आणि त्याला पाण्याचा पेला दिला.

विक्रमनं खोकं फाडलं. नव्या शेगडीवर दुसरी हंडी चढली. डाळी, उरलेला चुका आणि पालक, लसणाचा ठेचा, वरून भरपूर आंबट आंबील. शिल्पा ढवळत होती आणि त्रिवेणी तिच्या शेजारी उभी राहून तिला बेसनाच्या गुठळ्या मोडायला सांगत होती. गेल्या दोन महिन्यांत दोघी जावा इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

हंडी रटरटली, आणि दोघींचेही हात एकदम बरणीकडे गेले.

"एक चमचा," त्रिवेणी म्हणाली.

"दोन तरी, ताई, पाहुणे..."

"ठेवा ती बरणी खाली," गंगूबाई म्हणाल्या. "हंडीत मीठ नाही पडायचं. एक कणही नाही."

"म्हणजे सगळ्यांनी आळणी खायचं?" विक्रमनं विचारलं.

"ताट वाढताना पहिलं काय वाढतात रे?"

श्रुती म्हणाली, "पापड?"

नामदेवरावांनी मांडीवर थाप मारली. "मीठ! अहो, मीठ! ताटाच्या डोक्याशी मीठ, मग लिंबू, मग चटणी. गावाकडं लग्नाच्या पंगतीत मी कितीदा वाढलंय!"

"हे खणाखणांची स्टीलची ताटं आल्यापासून बंद झालं," गंगूबाई म्हणाल्या. "मग टेबलावर बाटली आली. मग ती बाटली त्रिवेणीनं उचलली. आणि ताटातलं मीठ कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही आठवलं, मी म्हातारी झाले म्हणून सांगत फिरते. हंडी एक. मीठ ज्याचं त्याच्या ताटात."

"वरून घेतलेलं मीठ लागतंय का, आई?" शिल्पानं शंका काढली.

"जास्तच लागतंय. जिभेला आधी तेच भेटतं. चिमटीत भागंल तुझं, दोन मुठी लागणार नाहीत."

त्रिवेणीनं मनातल्या मनात काहीतरी गणित केलं आणि मान डोलावली. ती बरणीतून वाटीत मीठ काढू लागली, तेवढ्यात एकनाथराव उठले. "आण इकडं. मीठ घरातल्या मोठ्यानं वाढायचं असतं."

"अप्पा, तुम्ही बसा..."

"खायचं नाही म्हणालेत डॉक्टर. वाढू नका म्हणाले का?"

गणिताच्या बाईंनी वाटी त्यांच्या हातात दिली. आणि मग ज्या माणसाला मीठ बंद, तोच वाटी घेऊन पंगतीत वाकून वाकून मीठ वाढू लागला. नामदेवरावांना चिमूट, वर आणखी एक. विक्रमला चिमूट. श्रुतीला अर्धी, "चिप्स खाऊन आली असशील," म्हणून. हर्षवर्धनपुढं ते आले तेव्हा त्रिवेणी नुसती खाकरली, आणि त्याला चिमटीतही थोडंच मिळालं. गंगूबाईंच्या ताटापुढं ते थांबले.

"तुला? का तूपण माझ्यासोबत आळणी?"

"घाला की! मला कशाची हौस आहे आळणीची? अजून घाला."

एकनाथरावांनी घातलं. इतक्या आनंदानं त्यांनी बायकोला दागिनाही कधी दिला नव्हता.

मग ते आपल्या पाटावर बसले. त्यांच्या ताटात मिठाच्या जागी गंगूबाईंनी लिंबाची मोठी फोड ठेवली, शेजारी भाजलेल्या जवसाची चटणी, लसूण जरा जास्त घातलेली. सगळे एकदम जेवू लागले. लसूण, मिरची, चुका आणि आंबिलीचा आंबटपणा असं सगळं तोंडात आलं, आणि श्रुती म्हणाली, "आजी, पैले वाले से लाख दर्जे अच्छा!" नामदेवराव तिसरा उंडा मोडत होते. शिल्पानं वाडगी भरून शेजारच्या गच्चीवर दिली, सोबत कागदात मिठाची पुडी, आणि दोन भाषांत हातवारे करून समजावून सांगितलं, की हे वरून घ्या.

"ही शेगडी खाली न्यायची का?" विक्रमनं विचारलं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

"कशाला?" शिल्पाच म्हणाली. "वरच राहू दे. पुढच्या येळवशीला लागंल."

गंगूबाई पळी घेऊन पंगतीत वाढायला उठल्या. नामदेवरावांना वाढलं, पोरांना वाढलं, आणि एकनाथरावांपाशी आल्या. त्यांचा हात सवयीनं वर आला आणि ताटावर आडवा झाला. गंगूबाई पळी धरून थांबल्या. एकनाथरावांनी पंगतीवरून नजर फिरवली. सगळे पाट भरलेले होते, सगळ्यांची तोंडं चालू होती, आणि श्रुतीनं बोट चाटलं म्हणून त्रिवेणी तिला रागावत होती.

त्यांनी ताटावरचा हात काढून घेतला.

"वाढ," ते म्हणाले. "थांबलीस कशाला? खालून ढवळून वाढ."